जॉन सेव्हियर: १७८८ मध्ये राजद्रोही, १७९६ मध्ये गव्हर्नर. हे जमलं कसं?

दप्तरदार

अमेरिकी सरहद्दीवरचे पुढारी म्हटले की आपली गाडी डेव्ही क्रॉकेट आणि अँड्र्यू जॅक्सनपलीकडे जात नाही. त्या दोघांच्या आधीचा, आणि माझ्या मते जास्त गुंत्याचा माणूस म्हणजे जॉन सेव्हियर. जन्म १७४५, व्हर्जिनियातलं शेनान्डोआ खोरं. १७७३ च्या सुमारास अ‍ॅपलाशियन डोंगर ओलांडून होल्स्टन आणि वाटॉगा नद्यांच्या मुलखात आला, म्हणजे आजच्या ईशान्य टेनेसीत. तो मुलूख कागदोपत्री नॉर्थ कॅरोलायनाचा आणि प्रत्यक्षात तिथल्या मूळ रहिवासी चेरोकींचा.

पुढचं थोडक्यात: १७८० मध्ये अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या किंग्ज माउंटनच्या लढाईत मिलिशियाचा, म्हणजे गरजेपुरत्या जमणाऱ्या नागरिकांच्या फौजेचा, कर्नल. १७८५ मध्ये 'स्टेट ऑफ फ्रँकलिन' या स्वयंघोषित राज्याचा गव्हर्नर. १७८८ मध्ये ते राज्य बुडालं, ऑक्टोबरात जोन्सबरोला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक, तिथून डोंगरापार मॉर्गनटनला रवानगी. आणि १७८९ मध्ये हाच गृहस्थ नॉर्थ कॅरोलायनाच्या सिनेटमध्ये! १७९० मध्ये अमेरिकी काँग्रेसात, १७९६ मध्ये टेनेसीचा पहिला गव्हर्नर. दोन-दोन वर्षांच्या सहा मुदती त्याने भोगल्या.

शूर होता, लोकप्रिय होता, हे उत्तर नको. शूर आणि लोकप्रिय माणसं फासावरही गेली आहेत. यंत्रणा काय होती ते सांगा.

कातळ

खुर्ची टाकून बसलोय. वाचनखूण साठवली.

मोडीवाचक

दप्तरदार, सुरुवात मिलिशियाच्या कंपनीपासून करा. काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, तुकडे पाडलेले असत आणि प्रत्येक तुकड्यावर एक कॅप्टन. त्या हद्दीतले शस्त्र धरण्याजोगे पुरुष त्याच्या कंपनीत. कराच्या याद्यासुद्धा कॅप्टनच्या हद्दीप्रमाणेच तयार होत. म्हणजे कर भरणारे, बंदूक घेऊन हजर होणारे आणि मत देणारे हे सगळे तेच लोक.

टेनेसीच्या १७९६ च्या घटनेत हे थेट लिहूनच ठेवलं आहे. कॅप्टनला कंपनीतले लोक निवडणार, काउंटीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना काउंटीतले लष्करी सेवेस पात्र लोक निवडणार, ब्रिगेडियर जनरलला हे वरिष्ठ अधिकारी, आणि मेजर जनरलला ब्रिगेडियर व वरिष्ठ अधिकारी मिळून. सेव्हियर या उतरंडीत पंधरा-वीस वर्षं वरच्या पायरीवर होता, शिवाय सुरुवातीला वॉशिंग्टन काउंटीच्या कोर्टाचा क्लार्क. शेरीफला अटक करायची तर सोबत हत्यारबंद माणसं लागणार. ती आणायची कुठून? त्याच कंपन्यांतून. म्हणून त्याला धरायला प्रतिस्पर्धी गटाचा जॉन टिप्टन स्वतः जावा लागला.

घाटमाथा

मोडीवाचक यांना +१. पण कंपनी हुकमावर नाही, विश्वासावर चालायची, आणि तो विश्वास किंग्ज माउंटनने दिला. त्या मोहिमेचा तपशील बघा.

सप्टेंबर १७८० मध्ये ब्रिटिश फौजेच्या मेजर पॅट्रिक फर्ग्युसनने एका सोडलेल्या कैद्याहाती आयझॅक शेल्बीला, म्हणजे डोंगरापलीकडच्याच दुसऱ्या मिलिशिया कर्नलला, निरोप धाडला: विरोध थांबवा, नाहीतर डोंगर ओलांडून येतो, पुढाऱ्यांना फाशी देतो आणि मुलूख जाळतो. शेल्बी घोड्यावर बसून सेव्हियरकडे गेला. दोघांनी ठरवलं, तो येण्याआधी आपणच जायचं. २५ सप्टेंबरला सिकामोर शोल्सला जमवाजमव. सेव्हियरचे सुमारे २४०, शेल्बीचे तेवढेच, व्हर्जिनियाच्या विल्यम कॅम्पबेलचे ४००, नॉर्थ कॅरोलायनाच्या मॅक्डॉवेलचे १६० च्या आसपास. बाकीचे मुद्दाम मागे ठेवले, कारण सगळे गेले तर चेरोकी हल्ल्यापुढे वस्त्या उघड्या पडणार.

दारू मेरी पॅटन नावाच्या बाईने पुरवली, सुमारे ५०० पौंड. पैसा आला जमिनीच्या नोंदणी कचेरीतून: नोंदणी अधिकारी जॉन अडेअरने सरकारी गल्ल्यातली रक्कम या मोहिमेला दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, जमीन कचेरी पुढेही येणार आहे.

२६ ला कूच. सोबत गुरं हाकत नेली होती, कारण वाटेत मांस लागणार. गुरांमुळे वेग पडला म्हणून ती लवकरच सोडून दिली आणि भाजलेल्या मक्यावर भागवलं. यलो माउंटनच्या खिंडीत बर्फ. तिथून सेव्हियरची दोन माणसं पळाली, ती फर्ग्युसनला खबर देणार हे धरून वाट बदलली. ३० ला क्वेकर मेडोजला नॉर्थ कॅरोलायनाच्या कर्नल क्लीव्हलँडचे साडेतीनशे मिळाले. ६ ऑक्टोबरला काउपेन्स इथे घोडे आणि माणसं पारखून सुमारे ९०० निवडले आणि रात्रभर पावसात पुढे काढले. बंदुकीचे चाप कांबळ्यांत, सदऱ्यांत गुंडाळलेले, कारण चकमकीच्या बंदुकीत कानातली दारू ओली झाली की हातात नुसती काठी राहते.

७ तारखेला दुपारी तीनच्या सुमारास टेकडीला वेढा. तासाभरात खेळ संपला.

पाणमांजर

त्या तासाभरात काय झालं ते शस्त्रांच्या अंगाने सांगतो, कारण 'रायफल विरुद्ध मस्केट' यावर लोक नेहमी अर्धंच बोलतात.

रायफलची नळी आतून पिळाची. गोळी तेलकट कापडाच्या तुकड्यात बसवून गजाने ठासावी लागते. मिनिटाला जेमतेम दोन बार. गुळगुळीत नळीच्या मस्केटचे तीन-चार. शिवाय या रायफलला संगीन बसत नव्हती. मोकळ्या मैदानात रायफलवाले मार खाणार हे ठरलेलं. पण इथे उतारावर झाडी होती. फर्ग्युसनचे लोक संगीन लावून खाली धावले की हे लोक मागे सरकत, ते परत वर वळले की त्यांच्या पाठीवर नेम. वरून खाली मारताना बार डोक्यावरून जातो, ही वरच्यांची दुसरी अडचण. आणि चारी बाजूंनी वेढा असल्यामुळे एका बाजूवर संगिनी चालल्या की दुसरी बाजू वर चढायची.

गंमत अशी की फर्ग्युसन स्वतः मागून भरायच्या रायफलीचा संशोधक. १७७६ मध्ये तिने मिनिटाला सहा बार काढून दाखवले होते. किंग्ज माउंटनवर त्याच्या फौजेच्या हाती मात्र मस्केटच. जवळजवळ सगळी फौज निष्ठावंतांची, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूच्या अमेरिकनांची, फर्ग्युसन तिथला एकमेव ब्रिटिश म्हणता येईल असा अधिकारी. सेव्हियरच्या फळीतून घोडा काढायच्या प्रयत्नात तो पडला. निष्ठावंतांचे सुमारे २९० मेले, साडेसहाशेहून जास्त धरले गेले. हल्ला करणाऱ्यांचे २८ मेले. सेव्हियरचा भाऊ रॉबर्ट जखमी होऊन वाटेत गेला.

सांजवात

आठवडाभराने बिगरस्टाफच्या शेतावर नऊ कैद्यांना फाशी दिलं तेही लिहा की. टेकडीपाशी थांबणारी कथा मला नेहमी संशयास्पद वाटते.

वाटसरू_कोल्हापूर

म्हणजे हे सगळे शिलेदार झाले. घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं, सरकार फक्त मोहीम ठरवणार.

घाटमाथा

हो, आणि मोबदल्याची वाट बघत बसणारेही तसेच. फरक एवढा की आपल्याकडे सरंजाम, तिकडे जमिनीचं वॉरंट, म्हणजे जमीन मिळण्याचा हक्क देणारा कागद.

अवांतर: किंग्ज माउंटनमुळे ज्याला शार्लटहून माघार घेऊन विन्सबरोला जावं लागलं तो लॉर्ड कॉर्नवॉलिस. तोच १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडक्यांच्या फौजेशेजारी तळ ठोकून होता. इकडच्या घोडदळाने त्याच्या उपाशी फौजेला धान्य पुरवलं, ही १७९१ मधली गोष्ट.

कातळ

आता धागा म्हैसूरच्या मोहिमेत जाणार. कोणीतरी लगाम खेचा.

पाणमांजर

खेचतो. फ्रँकलिनबद्दल कोणीच बोललं नाही, आणि तिथलं अर्थकारण तर मेजवानी आहे.

जून १७८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने डोंगरापलीकडचा मुलूख केंद्राला देऊ केला. पलीकडच्यांना वाटलं, आपल्याला कोणी वालीच नाही. ऑगस्टात जोन्सबरोला सभा, राज्य जाहीर. मग नॉर्थ कॅरोलायनाने नोव्हेंबरात देणगी मागे घेतली आणि सेव्हियरला ब्रिगेडियर जनरल करून टाकलं. तो काही काळ खरंच डगमगला, वेगळं होऊ नका असंही सांगून बघितलं. लोक ऐकेनात. मार्च १७८५ मध्ये गव्हर्नर.

नाणं नव्हतं, म्हणून करात जिन्नस घेत आणि पगारही त्यातच देत. कायद्यात दर ठरवलेले: हरणाचं कातडं ६ शिलिंग, चांगलं बीव्हरचंही ६, रॅकून किंवा कोल्ह्याचं १ शिलिंग ३ पेन्स, खारवलेलं डुकराचं मांस पौंडाला ६ पेन्स, मेण १ शिलिंग, राय व्हिस्की गॅलनला अडीच शिलिंग, पीचची ब्रँडी ३. गव्हर्नरचा पगार वर्षाला २०० पौंड. लबाडी लगेच सुरू झाली. स्वस्त ओपॉसमच्या कातड्याला रॅकूनची शेपटी शिवून तिजोरीत भरत, असं सांगतात.

सुगंधी_कटकट

गव्हर्नरला वर्षाला १००० हरणांची कातडी मिळत हे कुठेतरी वाचलेलं. ते खरं का खोटं?

मोडीवाचक

कातड्यांतल्या पगारांची ती यादी फार फिरते, पण कायद्यात रक्कम पौंडांतच आहे. कातडं हे भरण्याचं साधन, हिशेबाचं एकक पौंड. पेन्स-शिलिंगांचा घोळ न घालता पटकन हिशेब करा: २०० पौंड म्हणजे ४००० शिलिंग, ६ ने भागा, साडेसहाशेच्या वर कातडी. हजार आलेच कुठून?

सुगंधी_कटकट

तिजोरीचा वास कसा असेल हा माझा पुढचा प्रश्न.

दप्तरदार

छान चाललंय. पण केंद्राने फ्रँकलिनला मान्यता का दिली नाही?

मोडीवाचक

मे १७८५ मध्ये काँग्रेसपुढे ठराव गेला. तेरापैकी सात राज्यं अनुकूल, लागत होती नऊ. दोन मतांनी हुकलं. बेंजामिन फ्रँकलिनचं नाव राज्याला देऊन त्याला मस्का लावला, त्याने गोड उत्तर देऊन हात वर केले.

मग एकाच गावात दोन सरकारं. दोन कोर्टं, दोन शेरीफ, दोन करवसुल्या. एका कोर्टाचे लोक दुसऱ्याची दप्तरं पळवून न्यायचे. लग्नाचा परवाना कोणाचा खरा, वारसा कोणाच्या पुराव्यावर, काही कळेना. फेब्रुवारी १७८८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या शेरीफने वसुलीसाठी सेव्हियरची 'मालमत्ता' जप्त करून टिप्टनच्या घरी ठेवली. सेव्हियर सुमारे दीडशे माणसं घेऊन चालून गेला. बर्फात दोन दिवस घराला वेढा, मग सलिव्हन काउंटीची मिलिशिया टिप्टनच्या मदतीला आली आणि वेढा मोडला. सेव्हियरची दोन मुलंच पकडली गेली, टिप्टन फाशी देतो म्हणाला, नंतर सोडलं.

सांजवात

'मालमत्ता' अवतरणात घातली ते बरं केलं, पण उलगडून लिहा. जप्त केलेली होती ती गुलाम माणसं. स्वातंत्र्यासाठी वेगळं राज्य मागणारा माणूस ज्यासाठी बंदुका घेऊन चालून गेला ते हे.

निळी_शाई

सांजवात, धन्यवाद. आता चेरोकींच्या बाजूने. इतका वेळ ते या धाग्यात फक्त 'हल्ला करणारे' म्हणून आलेत.

१७६३ च्या ब्रिटिश राजघोषणेने डोंगरापलीकडे वस्तीला बंदी होती. वाटॉगाच्या लोकांनी पळवाट काढली: १७७२ मध्ये जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतली. १७७५ मध्ये सिकामोर शोल्सलाच २००० पौंडांना ती 'खरेदी' केली. तरुण नेता ड्रॅगिंग कनूचा त्या वर्षीच्या जमीनविक्रीला कडवा विरोध होता. १७७६ च्या उन्हाळ्यात त्याने हल्ले केले तेव्हा नान्येहीने, म्हणजे नॅन्सी वॉर्डने, वस्त्यांना आगाऊ खबर दिली.

सेव्हियरची पद्धत ठरलेली. घोडेस्वार हलके ठेवायचे, तोफा आणि गाड्या नाहीत, झटकन शिरायचं, घरं आणि मक्याचे साठे जाळायचे आणि दुसरी जमवाजमव व्हायच्या आत परतायचं. किंग्ज माउंटनहून परतून दोनच महिन्यांत, डिसेंबर १७८० मध्ये बॉइड्स क्रीकची लढाई आणि मग चोटा या चेरोकींच्या प्रमुख गावासकट अनेक गावं जाळली. हिवाळ्याच्या तोंडी मका जाळणं म्हणजे उपासमार, हे सगळ्यांना माहीत होतं.

कागदांचं पाहा. जून १७८५ मध्ये फ्रँकलिनने डम्प्लिन क्रीकचा तह करून फ्रेंच ब्रॉड नदीच्या दक्षिणेला वसाहत उघडली. नोव्हेंबरात केंद्राने होपवेलचा तह केला, त्यात तीच जमीन चेरोकींची. लोक आधीच घरं बांधून बसलेले. सेव्हियरचे सगळ्यात पक्के मतदार हेच.

आणि जून १७८८. कर्क या गोऱ्या वसाहतवाल्या कुटुंबाच्या हत्येनंतर सेव्हियरची तुकडी बाहेर पडली. ओल्ड टॅसल हा चेरोकींचा वयोवृद्ध, शांततेच्या बाजूचा प्रमुख पांढऱ्या निशाणाखाली चिल्होवीला आला. तुकडीतल्या जेम्स हबर्टने त्याला आणि सोबतच्यांना एका घरात बसवलं आणि कर्कच्या मुलाच्या हातात टोमाहॉक दिला. सेव्हियर त्या क्षणी तिथे नव्हता. पण कोणावर खटलाही नाही, शिक्षाही नाही. मिलिशियात कॅप्टनला शिक्षा देणारा कर्नल पुढच्या निवडणुकीत पडतो. मोडीवाचकांची यंत्रणा इथेही लागू होते.

घाटमाथा

निळी_शाई, पद्धतीचं वर्णन अचूक आहे, पण ती एकट्या सेव्हियरची नव्हती. १७७६ मध्ये जनरल रदरफर्डने नॉर्थ कॅरोलायनातून येऊन हेच केलं, तेही राज्याच्या हुकमाने.

निळी_शाई

एकट्याची होती असं मी म्हटलंच नाही. १७९३ च्या चेरोकींवरच्या एटोवा मोहिमेपर्यंत त्याने ती सोडली नाही, एवढंच.

मोडीवाचक

आता मूळ प्रश्नाकडे, कारण दप्तरदार गप्प बसलेत.

पहिलं, खटला उभा राहिलाच नाही. मॉर्गनटनला त्याचे किंग्ज माउंटनचे सोबती मॅक्डॉवेल बंधू भेटले आणि तो घरी परतला. कोर्टातून घोडीवर बसून नाट्यमय पलायन केल्याची कथा लोकांना आवडते, तिच्यावर फार भार टाकू नका. १७८८ च्या अखेरीस विधिमंडळाने फ्रँकलिनवाल्यांना माफी दिली, फक्त सेव्हियरला पदबंदी. पुढच्या वर्षी ग्रीन काउंटीने त्यालाच सिनेटवर निवडून पाठवलं. बंदी उठवली, जनरलपद परत दिलं.

दुसरं आणि महत्त्वाचं: जमीन. १७८३ च्या कायद्याने नॉर्थ कॅरोलायनाने पश्चिमेची जमीन १०० एकरांना १० पौंड दराने खुली केली. सात महिन्यांत सुमारे ४० लाख एकरांवर दावे. त्याच वर्षी टेनेसी नदीच्या वळणावर मसल शोल्सच्या जमिनीसाठी एक कंपनी निघाली. भागीदार कोण? विल्यम ब्लाउंट, रिचर्ड कॅसवेल, जॉन सेव्हियर. कॅसवेल हा १७८५ ते १७८७ नॉर्थ कॅरोलायनाचा गव्हर्नर! म्हणजे दोन भांडणाऱ्या राज्यांचे गव्हर्नर एकाच जमीन व्यवहारात भागीदार. खुर्च्यांवरून पत्रापत्री कडक, धंद्यात सलोखा. आणि ब्लाउंट १७९० मध्ये नव्या साउथवेस्ट टेरिटरीचा (केंद्राच्या ताब्यातला हाच मुलूख, पुढचं टेनेसी) गव्हर्नर होतो, सेव्हियर त्याच्याखाली ब्रिगेडियर जनरल.

तिसरं, १७८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला केंद्राच्या घटनेला मान्यता द्यायची होती आणि मग पश्चिमेचा खर्च केंद्राच्या गळ्यात घालायचा होता. त्यासाठी फेयेटव्हिलला भरलेल्या परिषदेत सेव्हियरने मान्यतेच्या बाजूने मत दिलं. डिसेंबरात मुलूख पुन्हा देऊ केला, यावेळी अट अशी की आधी दिलेल्या जमिनींचे हक्क शाबूत. जो मुलूख ठेवून घ्यायचाच नाही तिथल्या पुढाऱ्याला फाशी देऊन बंड कशाला ओढवून घ्या?

वाटसरू_कोल्हापूर

जॅक्सनशी भांडण याच जमिनीवरून ना?

पाणमांजर

जमीन आणि मिलिशिया दोन्ही. १८०२ मध्ये मेजर जनरलच्या निवडणुकीत सेव्हियर आणि जॅक्सन समसमान. टेनेसीचा तेव्हाचा गव्हर्नर रोन याने निर्णायक मत जॅक्सनला दिलं. पस्तिशीचा न्यायाधीश, किंग्ज माउंटनच्या कर्नलच्या वर. १८०३ मध्ये सेव्हियर रोनविरुद्ध उभा राहिल्यावर जॅक्सनने जमीन घोटाळ्याचे कागद छापवले.

घोटाळा समजून घ्यायला रीत माहीत हवी: आधी नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद, मग वॉरंट, मग मोजणी, नकाशा, शेवटी राज्य सचिवाकडून सनद. मोजणी ६६ फुटी साखळीने, खुणा म्हणजे झाडांवरचे घाव आणि ओढ्याचं वळण. एकाच जमिनीवर तीन दावे सहज बसायचे. म्हणून कोणत्या दराने आणि कधी नोंद झाली यावर सगळं अवलंबून. आरोप असा की सेव्हियरने सचिव जेम्स ग्लासगोला ६४० एकरांची तीन वॉरंटं देऊन ५० शिलिंगांच्या जागी १० पौंड घालून घेतले. जुन्या स्वस्त नोंदी नव्या कायद्याखालच्या दिसाव्यात, हा हेतू. विधिमंडळाने चौकशी केली, महाभियोग झाला नाही, आणि निवडणूक सेव्हियरने जिंकलीच.

ऑक्टोबरात नॉक्सव्हिलच्या कोर्टाबाहेर दोघे भिडले. सेव्हियरने जॅक्सनची देशसेवा म्हणजे दुसऱ्याची बायको घेऊन नॅचेझला जाणं, असं भर रस्त्यात सुनावलं. द्वंद्वाचं आव्हान आलं. टेनेसीत १८०१ पासून द्वंद्वाला बंदी, म्हणून हद्दीबाहेर भेटायचं. प्रत्यक्षात साउथवेस्ट पॉइंटजवळ शिव्या, काठ्या, पिस्तुलं रोखणं, मग सेव्हियरचा घोडा पिस्तुलं घेऊनच पळाला आणि गव्हर्नरसाहेब झाडाआड.

कातळ

राज्याचा गव्हर्नर झाडाआड आणि भावी राष्ट्राध्यक्ष पिस्तूल घेऊन फेऱ्या मारतोय. याच्यावर वेब मालिका कशी निघाली नाही?

सुगंधी_कटकट

घोड्याचं नाव कोणाला माहीत आहे का? तोच एकटा शहाणा.

दप्तरदार

मोडीवाचक, जमीन आणि माफीचा मुद्दा पटला. एक शंका राहते. अटकेच्या आधी, सप्टेंबर १७८८ मध्ये, सेव्हियरने स्पेनचा दूत गार्दोकी याला मैत्रीचं पत्र लिहिलं होतं. मिसिसिपीचा जलमार्ग स्पेनच्या हातात, त्यामुळे लालूच समजते. पण असं असूनही केंद्राने त्याला जनरल कसं केलं?

मोडीवाचक

कारण त्या काळात पश्चिमेचे बरेच पुढारी हेच करत होते. नॅशव्हिलकडचा पुढारी जेम्स रॉबर्टसन याच्या पुढाकाराने तर तिथल्या आसपासच्या जिल्ह्याला स्पॅनिश गव्हर्नर मिरोचं नाव दिलं गेलं, आणि ते काही वर्षं राहिलं. पश्चिम फुटून स्पेनकडे जाईल ही भीती केंद्राला घालायची, हे सौदेबाजीचं हत्यार होतं. ज्याच्याकडे फुटण्याची ताकद आहे त्यालाच पद देऊन बांधायचं.

निळी_शाई

आणि शेवटपर्यंत काम तेच. १८१५ मध्ये क्रीक लोकांकडून घेतलेल्या जमिनीची हद्द आखायला अलाबामात गेला, तिथेच फोर्ट डेकॅटरजवळ २४ सप्टेंबरला वारला. अवशेष १८८९ मध्ये नॉक्सव्हिलला आणले.

वाटसरू_कोल्हापूर

रॉबर्टसन आणि मिरो जिल्ह्यावर वेगळा धागा काढा, मोडीवाचक. इथे प्रतिसाद शोधायला आता पानं उलटावी लागताहेत.